उसनी पावलं

तुळशीबागेतून लक्ष्मी रस्त्याकडे येताना मागून एक पोरगा ओरडत आला, "काकू, चप्पल! तुमची चप्पल!" वळून पाहिलं तर डावी चप्पल त्याच्या हातात आणि आपला डावा पाय अनवाणी. किती पावलं तशीच चालले ते कळलंच नाही, असं त्या सांगतात. तेव्हा त्यांना हसू आलं होतं. चपलेचा अंगठा सैल झाला असेल म्हणून त्यांनी तिथेच नवी जोडी घेतली. पंधरा दिवसांनी नवीही निसटली.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला 'चाल'. गाण्याला चाल असते, घोड्याला चाल असते, बुद्धिबळात चाल असते आणि शत्रूवर चाल करून जातात. या सगळ्यांवर लिहिणारे पुष्कळ निघतील. मी म्हटलं, आपण दोन पायांवरच्या साध्या चालीकडे जावं. ती ज्यांची हरवली आहे आणि जे ती यंत्राकडून उसनी घेऊन पाहताहेत, त्यांच्याकडे. म्हणून पुण्यातल्या एका पुनर्वसन केंद्राच्या तळमजल्यावर मी काही सकाळ जाऊन बसले. केंद्राचं आणि माणसांचं नाव मी इथे देत नाही. चप्पल निसटलेल्या बाईंना सगळे 'ताई' म्हणतात, मीही तेच म्हणते.

मापं घेणं

सव्वाआठची वेळ. खोलीतला एसी इतका गार की मी ओढणी लपेटून घेते. ताईंना मात्र हा गारवा हवाच असतो. का, ते पुढे येईल.

यंत्र दिसायला अजस्र आहे. खाली ट्रेडमिलचा पट्टा, वर लोखंडी कमान, कमानीतून लोंबणारी दोरी आणि मागच्या बाजूला दोन यांत्रिक पाय. जत्रेतल्या पाळण्याचा सांगाडा आणि दवाखान्याची खाट यांचा संकर म्हणा. फिजिओथेरपिस्ट मॅडम वयाने ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्यांनी शिंप्यासारखी टेप काढून मापं घेतली होती: खुब्यापासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, कंबरेची रुंदी. यंत्राचा सांधा माणसाच्या सांध्यासमोर नेमका आला नाही तर प्रत्येक पावलागणिक कातडी घासली जाते, गुडघ्याला चुकीचा हिसका बसतो. आता ती मापं संगणकात साठवलेली आहेत, तरी बांधाबांधीला दहा-पंधरा मिनिटं जातातच.

आधी गिर्यारोहकासारखा हार्नेस. मांड्यांमधून जाणारे पट्टे आवळताना सलवारीची शिवण रुतते, म्हणून ताई आता ट्रॅकपँट घालून येतात. मग व्हीलचेअर उतारावरून पट्ट्यापर्यंत, दोरीचा आकडा हार्नेसला, आणि बटण दाबलं की ताई हळूहळू उभ्या राहतात, क्षणभर चक्क लोंबकळतात. मांडीला आणि पोटरीला रुंद पट्टे बांधले जातात, त्याखाली मऊ गादी. चवडा खाली घसटू नये म्हणून पावलाला वर ओढून धरणारा वेगळा पट्टा. पाय आधी हवेतच चालायला लागतात. मॅडम नजरेने लय जोखतात, मग दोरी थोडी ढिली सोडतात. बूट पट्ट्याला टेकतात.

"ताई, तुम्ही चालायचंय हं. मशीनला चालू द्यायचं नाही."

हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की मला ते पाठ झालं. त्यात या साऱ्या उद्योगाची मेख आहे. यंत्राचा जोर शंभर टक्क्यांवर ठेवला तर माणूस डुलकी काढत राहिला तरी त्याचे पाय चालतील. पाय आयत्या बिळावरचे नागोबा होतात. म्हणून मॅडम दर दोन मिनिटांनी जोर थोडा कमी करतात आणि समोरच्या पडद्यावर पाहतात की ताई पाय ढकलताहेत की नुसत्या ओढल्या जाताहेत. पडद्यावर एक कार्टूनबाई जंगलातून चालत असते. ताईंनी मेहनत केली की ती झपझप चालते, आळस केला की रेंगाळते. "तिच्या अंगात माझ्यापेक्षा बळ आहे," ताई धापा टाकत म्हणतात.

चोवीस मिनिटांनी पट्टा थांबला तेव्हा पडद्यावर आकडा होता सहाशे मीटर. खाली उतरल्यावर वॉकर धरून, मध्ये एकदा टेकून, ताई चालल्या त्या कॉरिडॉरभर. चाळीस मीटर असेल. सहाशे आणि चाळीस या दोन आकड्यांमध्ये काय आहे, तेवढंच मला शोधायचं होतं.

सोललेल्या तारा

ताईंना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, बोलण्यात सगळे एमएस म्हणतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तँ शार्कोने १८६८ मध्ये या आजाराची स्वतंत्र ओळख पटवली. आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. या आजारात शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज त्या आवरणावर तुटून पडते. मेंदूत, मज्जारज्जूत, डोळ्याच्या नसेत ठिकठिकाणी पोपडे पडतात, व्रण राहतात. सगळे डॉक्टर हे सोललेल्या वायरच्या उदाहरणाने समजावतात. मला ते अर्धंच पटतं. उघडी वायर झटका देते. इथे उलट आहे. निरोप निघतो, पण वाटेत रेंगाळतो, अडखळतो, कधी पोचतच नाही. मेंदू म्हणतो 'चवडा उचल', आणि चवड्याला ते कळेपर्यंत टाच पुढे निघून गेलेली असते. तोच लटकलेला चवडा, तीच निसटलेली चप्पल.

आजार बहुधा विशीच्या आणि चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून अधिक. जगभरात सुमारे २८ लाख लोकांना तो आहे, असं २०२० च्या जागतिक पाहणीत दिसलं. आपल्याकडे हा 'गोऱ्यांचा आजार' अशी समजूत बरीच वर्षं होती. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये पारशी समाजात तो चांगलाच आढळतो हे दाखवून त्या समजुतीला तडा दिला. केंद्रात ताईंच्या नंतरची वेळ कॅम्पातल्या एका पारशी काकांची असते. ते मला म्हणाले, "आमच्या लोकांनी इराणहून आणलं काय काय, त्यात हेपण." आणि मोठ्याने हसले.

बहुतेकांना सुरुवातीला अटॅक येतात आणि ओसरतात. दृष्टी धूसर होते, महिनाभरात परतते. पण काहींचा आजार पुढे अटॅकविना, गुपचूप, एकाच दिशेने सरकत राहतो. आता अटॅक रोखणारी औषधं पुष्कळ आहेत. या सरकत्या टप्प्यावर मात्र औषधांचा हात आखडतो. तिथे फिजिओथेरपी उभी असते, आणि अलीकडे तिच्या शेजारी हे यंत्र.

दोघांच्या पाठी

यंत्र आलं कुठून, याची गोष्ट मांजरांपासून सुरू होते. मज्जारज्जू छेदलेल्या मांजराला ट्रेडमिलवर धरलं तर त्याचे मागचे पाय चालतात, आणि सराव दिला तर आणखी चांगले चालतात. माँट्रिअलच्या बार्बो आणि रोसिन्योल यांनी १९८७ मध्ये हे नीट मांडलं. म्हणजे चालीची लय काही अंशी पाठीच्या कण्यातच मुरलेली असते, मेंदूने प्रत्येक पाऊल सांगावं लागत नाही. मग माणसांना दोरीने टांगून ट्रेडमिलवर चालवण्याचे प्रयोग झाले. त्यात यंत्र नव्हतं, माणसं होती. पट्ट्याच्या दोन बाजूंना दोन थेरपिस्ट खाली बसून रुग्णाचा एकेक पाय हाताने उचलून पुढे टाकायचे.

केंद्रातल्या सीनिअर सरांनी असं काम केलेलं आहे. "दहा मिनिटांत माझी कंबर जायची," ते सांगतात. "रुग्ण दमायच्या आधी मी दमायचो. आणि दोन्ही पायांची लय जुळवायची म्हणजे दोन तबलजींनी एकच ठेका धरण्यासारखं." झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात इंजिनिअर गेरी कोलोम्बो यांनी नेमक्या याच त्रासावर उपाय शोधला, आणि २००१ मध्ये होकोमा कंपनीचं लोकोमॅट बाजारात आलं. थेरपिस्टच्या पाठीचं ओझं मोटारीवर गेलं. बाहेर असा समज आहे की यंत्र रुग्णाला चालवायला आलं. खरं तर ते आधी चालवणाऱ्याची पाठ वाचवायला आलं, आणि पाठ वाचली म्हणून रुग्णाला शंभराच्या जागी हजार पावलं मिळाली. चालणं परत शिकायचं तर पावलांची रास लागते. रियाजासारखंच ते. फरक इतकाच की इथे गाणाऱ्याचा गळा दिवसभरात ठरावीकच वेळ साथ देतो.

दमाची शिल्लक

पक्षाघाताच्या रुग्णाला थेरपिस्ट म्हणतात, 'अजून करा, अजून.' एमएसच्या रुग्णाला असं सरसकट म्हणता येत नाही. ताई बँकेत होत्या, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतात. सकाळी उठते तेव्हा दमाची ठरावीक शिल्लक असते. आंघोळीला इतकी, केस विंचरायला इतकी. रिक्षात चढउतर केली की मोठी रक्कम वळती झाली. शिल्लक शून्यावर आली की पाय म्हणजे ओली पोती. हा आळस नाही आणि नुसता थकवाही नाही. घासून निघालेल्या तारांतून निरोप धाडताना मेंदूला जास्तीचं मोल मोजावं लागतं.

आणि ऊन. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने चढलं तरी सोललेल्या तंतूंतून निरोप जाणं मंदावतं. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म ऊटहॉफने १८९० मध्ये पाहिलं की श्रम केल्यावर अशा रुग्णांची नजर अधू होते आणि विसाव्यानंतर परत येते. एमआरआय येण्यापूर्वी निदानासाठी रुग्णाला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का ते पाहत. एप्रिलच्या पुण्यात तो टब फुकट मिळतो. म्हणून खोलीत गारवा, म्हणून सव्वाआठची वेळ, म्हणून ताईंच्या गळ्यात ओला पंचा.

दुसरी गोष्ट माहितीपत्रकात नसते. एमएसमध्ये लघवीवरचा ताबा डळमळतो. बांधाबांधीला पंधरा मिनिटं लागली आणि पाचव्या मिनिटाला जायची घाई झाली तर सगळं सोडून पुन्हा बांधायचं. म्हणून ताई आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात. ते बरं नाही, मॅडम रागावतात, आणि ताई पुढच्या वेळी पुन्हा तेच करतात. मला वाटतं, ज्याने यंत्र घडवलं त्याने एकदा या बायकांबरोबर सकाळ काढायला हवी होती.

अटॅकसाठी स्टेरॉइड घेतलेल्यांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, म्हणून यंत्रात उभं करण्याआधी हाडांची तपासणी. सत्र संपल्यावर पट्टे सोडून कातडीवरचे लाल वळ तपासायचे, कारण बधिर पायाला जखम झाली तरी तो बोलत नाही. हे सगळं काम मॅडमच्या हातांचं आहे. यंत्राला हात नाहीत, नुसते पाय आहेत.

फेरारातले बहात्तर जण

आता मुख्य प्रश्न. उपयोग होतो का?

इटलीतल्या फेरारामध्ये ७२ जणांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्यांचा आजार सरकत्या प्रकारचा, सगळ्यांना चालायला आधार लागणारा. निम्म्यांना रोबोटवर, निम्म्यांना थेरपिस्टबरोबर जमिनीवर, १२-१२ सत्रं. मोजमाप साधं: २५ फूट चालायला किती सेकंद लागतात. निकाल असा की रोबोटचा गट वरचढ ठरला नाही. सुधारणा दिसली, पण यंत्रामुळे जास्तीची नाही, आणि तीही तात्पुरती. त्याआधी २००८ मध्ये स्वित्झर्लंडच्या वालेन्समध्ये ३५ जणांवर झालेल्या प्रयोगात रोबोटवाल्यांचा वेग जरा बरा सुधारला होता, पण सहा महिन्यांनी पाहिलं तर सगळे मूळपदावर.

सीनिअर सरांना हे ठाऊक आहे. ते लपवत नाहीत, उलट तेच मला आधी सांगतात. "लोक येतात ते व्हिडिओ बघून. पहिल्या भेटीत माझं अर्धं काम त्यांचा व्हिडिओ उतरवायचं." त्यांच्या मते फेरारात यंत्र हरलं नाही. ज्याला थेरपिस्टच्या हातावर भार देऊन जमिनीवर चालता येतं, त्याला पट्ट्यावर टांगायची गरज कमी. पण जो उभाच राहू शकत नाही, ज्याचे पाय ताठरून कात्रीसारखे एकमेकांवर येतात, त्याला जमिनीवर चालवायला तीन माणसं लागतात. ती तीन माणसं कुठल्या दवाखान्यात रिकामी असतात? तिथे यंत्र.

मला त्यांचं म्हणणं पटलं, पण पुरतं नाही. यंत्राची किंमत कोटींच्या घरात. ते घेतलं की केंद्राला ते चालवावंच लागतं, रिकामं ठेवून परवडत नाही. मग ज्याला दोन समांतर दांड्या आणि एक तरबेज थेरपिस्ट पुरला असता, त्यालाही पट्ट्यावर चढवण्याचा मोह होतो. सोलापूरकडचा एक तरुण तिथे भेटला. वडिलांनी सहा सत्रांचे पैसे जमवले होते. पाचव्या सत्रानंतर त्याने मॅडमना विचारलं, "सहाव्याऐवजी मला घरी करायचे व्यायाम नीट दाखवाल का?" त्यांनी दीड तास दाखवले. त्या तासात यंत्र बंद होतं. मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं सत्र ते.

पट्ट्यावरून जमिनीवर आलेली यंत्रंही आहेत. अंगावर चढवायचा बाह्य सांगाडा: पाठीवर बॅटरी, खुब्याला आणि गुडघ्याला मोटारी, मागून धरायला थेरपिस्ट. शरीराचा भार एका पायावर टाकला की दुसरा पाय यंत्र उचलतं. कॅलिफोर्नियाच्या एक्सो बायॉनिक्स कंपनीच्या एक्सोएनआर या सांगाड्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये एमएससाठी परवानगी दिली. या आजारासाठी अशी मुभा मिळालेला तो पहिलाच. घरी घालून फिरायला नाही, पुनर्वसन केंद्रात देखरेखीखाली. न्यू जर्सीतल्या केसलर फाउंडेशनने याच जातीच्या सांगाड्याने चार आठवड्यांचा छोटा प्रयोग केला. माणसं फक्त दहा. चालण्याबरोबर विचाराचा वेगही सुधारल्याचं त्यांना दिसलं. इथे माणूस पट्ट्यावर टांगलेला नसतो, तोल स्वतः सांभाळत प्रत्येक पाऊल मनात ठरवतो, म्हणून मेंदूला काम पडत असावं. दहा माणसांवरून मोठं घर बांधू नये, पण पाया म्हणून नोंद घ्यावी.

हाल आणि बँडिकूट

जपानच्या सायबरडाइन कंपनीचा सांगाडा कातडीवरचे विजेचे क्षीण संकेत टिपतो. स्नायू हलायच्या आधी निघालेला निरोप पकडून तो पाय हलवतो. त्याचं नाव हॅल. रोमन अक्षरांत पहिल्यांदा मी ते 'हाल' असं वाचलं आणि आपल्या भाषेने केलेल्या या थट्टेवर बराच वेळ हसत होते. जपानने २०१५ मध्ये स्नायू आणि मज्जातंतूंच्या काही दुर्धर आजारांच्या उपचारासाठी त्याला मान्यता दिली.

मला जास्त कुतूहल आहे ते तिरुअनंतपुरमच्या जेनरोबोटिक्सचं. गटारात माणसाला उतरावं लागू नये म्हणून ज्यांनी बँडिकूट नावाचा यंत्रमानव बनवला, त्याच मंडळींनी पुढे जी-गेटर हे चालवणारं यंत्र तयार केलं. मॅनहोलमध्ये माणसाचा जीव वाचवणं आणि पट्ट्यावर पाय उचलणं, दोन्हीकडे गणित एकच: जे काम माणसाच्या शरीराला मोडतं, ते मोटारीकडे द्या. परदेशी यंत्राच्या मानाने देशी यंत्र स्वस्त पडलं तर जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचू शकेल. कागदावर वाट मोकळी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिस दिव्यांगत्वाच्या यादीत नावानिशी घेतलं आहे. पण बहुतेक विमा योजना दवाखान्यात भरती न होता घेतलेल्या फिजिओथेरपीचे पैसे देत नाहीत, आणि चाल तर भरती न होताच परत शिकायची असते.

चौतीस पायऱ्या

आजार कुठवर आला हे मोजायची जगभर एक पट्टी आहे. अमेरिकी डॉक्टर जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये ती आजच्या रूपात बसवली. शून्य ते दहा. एक काठी घेऊन शंभर मीटर चालता आलं की सहा, दोन्ही बाजूंना आधार लागला की साडेसहा, सात म्हणजे व्हीलचेअर. ताई साडेसहा. त्या पट्टीत मीटर आहेत. उंबरठा, मोरी, जिना आणि खाली बसायचा संडास तीत नाही. आमच्या घरातला सगळा एमएस तर तिथेच राहतो, असं ताईंचे यजमान म्हणतात.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. सत्रानंतर विश्रांती, मग रिक्षा. वाटेत खोदलेला रस्ता, रिक्षाचे हिसके. ताई डोळे मिटून बसल्या होत्या. घर दुसऱ्या मजल्यावर, जुनी इमारत, लिफ्ट नाही. चौतीस पायऱ्या. घर बदलायचं कितीदा ठरलं, पण शेजार सोडवत नाही.

"चढताना चांगला, उतरताना दुबळा," त्या पुटपुटल्या. मॅडमनी शिकवलेलं. चढताना बळकट पाय आधी वर ठेवायचा, उतरताना दुबळा आधी खाली. उजवा वर, डावा त्याच्या जोडीला. उजवा वर, डावा जोडीला. यंत्रावर तीन महिने गेले त्याने काय बदललं, मी विचारलं. ताईंनी पायरीवर थांबून उत्तर दिलं. वेग नाही वाढला. पण आधी डावा पाय पायरीच्या कडेला अडकायचा, आता बरेचदा अडकत नाही. आणि त्या चोवीस मिनिटांत पाय कसे पडायला हवेत याची आठवण अंगाला होते, ती संध्याकाळपर्यंत टिकते. "कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत."

पहिल्या मजल्याच्या वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची होती. तिथल्या बिऱ्हाडांपैकी कुणीतरी ठेवलेली, कुणी ते आजवर कळलेलं नाही. ताईंनी तिच्यावरचा पेपर बाजूला केला आणि बसल्या. पायांत मागून पट्टा असलेल्या सँडल. अंगठ्याची चप्पल त्यांनी कधीच सोडली.

यजमान आमच्या पुढे वर गेले होते.

"किती वेळ बसायचं?" मी विचारलं.

"अहो चहा टाकतात. आल्याचा वास इथवर आला की उठायचं."

आम्ही दोघी वासाची वाट बघत बसलो.